ऐन थंडीत खुडूक कोंबडीखालची पिल्लं

डिसेंबर लागला, की निफाडच्या पाऱ्याची बातमी येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पहाटे पाच-सहा अंशांची नोंद होते, द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, आणि त्याच सकाळी आमच्या भावकीतलं कुणीतरी हमखास विचारतं, "काकू, कोंबडीखालची पिल्लं घरात आणू का? खोक्यात घालून बल्ब लावतो." मागच्या हिवाळ्यात माझा पुतण्या तर रिकामं खोकं काखेत मारूनच दारात उभा होता. पिल्लं तीन दिवसांची होती.

त्याला म्हटलं, "आधी हात धू, कोरडा कर आणि कोंबडीच्या पोटाखाली घाल. मग सांग, कुठे जास्त ऊब आहे ते."

त्यानं हात घातला. कोंबडी गुरगुरली, एकदा टोचलं तिनं, पण जागची हलली नाही. आत कशी ऊब होती म्हणाल, तर तव्यावरून उतरवून फडक्यात गुंडाळलेल्या भाकरीसारखी. बाहेर आमच्या तोंडातून वाफ निघत होती. त्यानं खोकं परत नेलं.

थंडीत पिल्लं का मरतात, हे नीट समजलं तर काय करायचं ते आपोआप कळतं. गावरान अंडं चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचं. त्यातून निघणारं पिल्लू त्याच्या साधारण दोन तृतीयांश वजनाचं, म्हणजे तीसेक ग्रॅम. पातेलंभर आमटी तासभर गरम राहते, पण कपातला चहा दहा मिनिटांत निवतो. पिल्लाचं अगदी तसंच आहे. अंग एवढंसं, त्या मानानं उघडी कातडी जास्त, त्यामुळे आतली उष्णता भराभर निघून जाते. अंगावर जी मऊ लव असते ती कोरडी असेपर्यंतच कामाची. ती भिजली की कातडीला चिकटते आणि तिच्यात धरलेली हवा निघून जाते. मोठ्या कोंबडीच्या अंगाचं तापमान एक्केचाळीस अंशांच्या आसपास असतं, आणि थंडीतही ती ते स्वतः टिकवते. पिल्लाला ही ताकद अंड्यातून येतानाच मिळत नाही. ती दोन-तीन आठवड्यांत हळूहळू येते. पंखाची पिसं पहिल्या आठवड्यातच फुटायला लागतात, पाठ मात्र बरेच दिवस लवेवरच असते. अंगभर पिसं यायला पाच-सहा आठवडे जातात.

तोवर त्याला उसनी ऊब लागते. मशिनवर काढलेल्या पिल्लांसाठी ब्रूडरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या दिव्याच्या छत्रीखाली, पहिल्या आठवड्यात पस्तीस अंश तापमान ठेवतात आणि मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत नेतात. पाच अंशांच्या पहाटे अख्खी खोली पस्तीसवर नेणं कुणाच्या घरी शक्य आहे? कोंबडी तसा प्रयत्नही करत नाही. ती खुराडं तापवत बसत नाही, फक्त पिल्लाला तापवते. अंगाला अंग लावून ऊब दिल्यावर बाहेर पाच अंश असले काय आणि पंधरा असले काय, पिसांच्या आतला हिशेब फारसा बदलत नाही.

यासाठी तिच्या शरीरात मोठी उलथापालथ झालेली असते. कोंबडी खुडूक बसते, म्हणजे अंडी उबवायला बसते, तेव्हा मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं. गाईच्या कासेत दूध तयार होण्यात ज्याचा हात असतो, तेच हे. त्याच्या जोरावर ती अंडी घालणं थांबवते, खाणं तोडते, अंग फुगवून बसते, जवळ गेलं की गुरगुरते. पोटाची पिसं गळतात आणि खाली लालसर, रक्तानं भरलेली उघडी कातडी दिसू लागते. पुतण्याच्या हाताला लागलेली ऊब ती हीच. या कातडीचा अंड्यांना आणि नंतर पिल्लांना थेट स्पर्श होतो, आणि वरची पिसं गोधडीचं काम करतात.

अंड्यांच्या धंद्यासाठी निवडत आणलेल्या व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींतून हा गुण जवळजवळ गेला आहे, कारण खुडूक बसलेली कोंबडी अंडी देत नाही. वनराजा, गिरिराज या परसातल्या सुधारित कोंबड्याही सहसा खुडूक बसत नाहीत. म्हणून त्यांची अंडी गावरान कोंबडीखाली बसवायची चाल खेडोपाडी आहे, आणि ती शहाणपणाची आहे. खुडूक झालेल्या कोंबडीला पाण्यात बुचकळून, नाकात पीस अडकवून खुडूकपणा मोडायची रीत मला कधीच आवडली नाही. अंडी हवी असतील तर मोडा, तुमचा हिशेब तुम्हाला माहीत. पण पिल्लं हवी आहेत आणि घरात खुडूक कोंबडी आहे, तर तिच्याइतकं भरवशाचं मशीन बाजारात मिळत नाही.

थंडीत अंडी बसवूच नयेत असं पुष्कळ जण मानतात. आपल्याकडे खरं तर उलटं आहे. अंड्यातला जीव साधारण वीस-एकवीस अंशांच्या वर हलायला लागतो. एप्रिल-मे महिन्यात आठ दिवस अंडी साठवली तर घरातल्या उकाड्यानंच ती अर्धवट सुरू होतात, मग थांबतात आणि कोंबडीखाली जाण्याआधीच बिघडतात. मार्गशीर्षात तीच अंडी टोपलीत, सावलीत, चुलीपासून लांब ठेवली तर आठवडाभर चांगली राहतात. शिवाय या दिवसांत निघालेली पिल्लं उन्हाळ्याचा तडाखा सुरू होण्याआधी अंगानं भरतात. थंडीची खरी अडचण शेवटच्या टप्प्यात असते, पिल्लं निघाल्यावरच्या पहिल्या तीन आठवड्यांत.

आता अंडी किती बसवायची ते. इथेच सगळ्यात जास्त चूक होते, आणि ती हावेपोटी होते. एरवी दहा-बारा अंडी झाकणारी कोंबडी थंडीत आठ-नऊच नीट झाकते. लोक म्हणतात, "दोन जास्त ठेवली तर काय बिघडलं? कडेची दोन वाया जातील फार तर." तसं होत नाही. कोंबडी दिवसातून कितीतरी वेळा चोचीनं अंडी फिरवते, कडेची आत घेते, आतली कडेला सारते. म्हणजे झाकणाबाहेर राहण्याची पाळी आज एका अंड्यावर, उद्या दुसऱ्यावर. दोन अंडी जास्त झाली तर सहा-सात अंड्यांना थोडी थोडी थंडी लागते, आणि दहा-अकरातून दोन वाया जाण्याऐवजी निम्मी वाया जातात. माझ्या सासूबाई कोंबडी बसवल्यावर खाली वाकून चारी बाजूंनी बघायच्या. पांढरं कुठे दिसलं की एक अंडं काढायचं, परत बघायचं. मोजणीपेक्षा ही नजर जास्त खरी.

सगळी अंडी एकाच दिवशी, शक्यतो रात्री बसवावीत. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली, की दीड-दोन दिवसांत कोंबडी त्यांना घेऊन उठते. मागून घातलेली अंडी मग थंड पडतात, आत पिल्लू जवळजवळ पुरं झालेलं असतानाही. दुसऱ्या कोंबड्या खुडूकीच्या टोपल्यात अंडी घालून जातात, म्हणून आपल्या अंड्यांवर कोळशानं खूण करावी आणि बिनखुणेचं दिसलं की काढून घ्यावं. सातव्या-आठव्या रात्री मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरलं तर आत लाल धाग्यांसारख्या शिरा दिसतात. काहीच दिसलं नाही, स्वच्छ पिवळट उजेड आला, तर ते अंडं काढा. तेवढीच जागा जिवंत अंड्यांना मिळते.

टोपलं थेट फरशीवर किंवा शहाबादीवर ठेवू नका. फरशी रात्रभर खालून ऊब ओढत राहते. खाली गोणपाटाच्या दोन-तीन घड्या, वर टोपलं, त्यात थोडी चाळलेली कोरडी राख आणि भरपूर वाळकं गवत. गवताला हातानं वाटीसारखा खोलगट आकार द्यावा, म्हणजे अंडी मधे गोळा राहतात. राखेनं उवा कमी होतात. उवा झालेली कोंबडी रात्री अस्वस्थ होऊन उठते, आणि थंडीच्या रात्री तिचं उठणं महागात पडतं.

खुडूक कोंबडी दिवसातून एकदा, पंधरा-वीस मिनिटं उठते. खाते, पिते, शिटते, धुळीत लोळते. तेवढ्यानं अंड्यांचं काही बिघडत नाही, घाबरून तिला परत बसवायला धावू नये. फक्त दाणापाणी जवळ ठेवावं, म्हणजे गावभर हिंडावं लागत नाही. अठराव्या दिवसानंतर मात्र टोपल्यात हात घालू नये. त्या दिवसांत पिल्लू कवचाच्या आतूनच चिवचिवायला लागतं आणि कोंबडी वरून हळू, घशातल्या घशात उत्तर देते. रात्री कान लावला तर ऐकू येतं. कवचाला टिचकी पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला दहा-बारा तास सहज लागतात, कधी दिवस जातो. मदत करायला म्हणून तुम्ही कोंबडी उचलली, तर तिच्याखालची ओलसर ऊब निघून जाते, आतला पापुद्रा थंड, कोरड्या हवेनं आवळतो आणि पिल्लू त्यातच अडकतं.

निघाल्यावर पहिले दोन दिवस पिल्लांनी काही खाल्लं नाही तरी चालतं. अंड्यातला उरलेला बलक निघण्याआधीच त्यांच्या पोटात ओढला गेलेला असतो, आणि तो दोन-तीन दिवस पुरतो. एक दिवसाची पिल्लं खोक्यातून दूरच्या गावाला पाठवता येतात ती याच शिदोरीवर. निसर्गानं ही सोय कशासाठी केली असेल, ते टोपल्याशेजारी बसलं की कळतं. पहिलं पिल्लू निघाल्यापासून शेवटचं निघेपर्यंत आईला उठायला लागू नये.

मग सुरू होतं ते मला सगळ्यात आवडतं. पिल्लं बाहेर येतात, दाणे टिपतात, दोन-चार मिनिटांत गार होतात आणि मोठ्या, ताणलेल्या आवाजात ओरडतात. तो आवाज ऐकून कोंबडी असेल तिथे बसते, पंख जरा सैल सोडते, आणि सगळी पळत येऊन आत घुसतात. दहा मिनिटांनी ऊब भरली की परत बाहेर. गार सकाळी असं पुन्हा पुन्हा चालतं. ऊन वर आलं की आत जाणं कमी होतं. कधी, किती ऊब घ्यायची हे पिल्लू ठरवतं. बल्बखाली त्याला हा हिशेब बाहेरून लावून द्यावा लागतो, आणि आपला हिशेब बऱ्याचदा चुकतो. त्यातून पहाटे तीनला वीज गेली तर बघायलाच नको. कोंबडीच्या या लक्ष देण्यावर इंग्लंडात ब्रिस्टल विद्यापीठात अभ्यास झाला, २०११ साली तो छापून आला. पिल्लांवर हलका हवेचा झोत सोडून त्यांना किंचित त्रास दिला, तेव्हा नुसतं ते बघणाऱ्या आईच्या हृदयाचे ठोके वाढले. गोठ्यापाशी आयुष्य काढलेल्या बाईला यात नवल वाटणार नाही, पण मोजून बघितलं गेलं याचं मला बरं वाटलं.

म्हणजे ऊब द्यायचं काम आपलं नाही. आपलं काम दोनच गोष्टींचं: पिल्लू कोरडं राहिलं पाहिजे आणि त्याला वारं लागता कामा नये.

कडाक्याच्या थंडीतही कोरडी पिल्लं आईखाली सुखरूप राहतात. पंधरा अंशांत भिजलेलं पिल्लू मात्र तासाभरात आडवं होतं. निफाड-सिन्नरकडे सकाळी दहिवर एवढं पडतं, की हरभऱ्यातून चाललं तर धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं. कोंबडीला ते गुडघ्याखाली, पिल्लाच्या ते डोक्यावरून. उजाडताच खुराडं उघडलं, की ती सवयीनं गवतात शिरते. दोन वर्षांपूर्वी साडेसहालाच कुणीतरी फळी काढली होती. मी दूध काढून आले, तर कोंबडी सात पिल्लांसह बांधावर आणि आठवं मेथीच्या वाफ्यात आडवं पडलेलं. लव अंगाला चिकटलेली, पाय ताठ, डोळे मिटलेले, चोच अर्धी उघडी. हातात घेतलं तर गारगोटीसारखं गार. मेलंच म्हणून टाकून देणार होते, तेवढ्यात छातीशी किंचित हललं. पदरानं कोरडं केलं, झंपरच्या आत पोटाशी धरलं आणि चुलीपुढे बसून भाकऱ्या थापल्या. तिसऱ्या भाकरीला पाय हलला, पाचवीला चिवकलं. ऊब परत आल्यावर मग कोमट गूळपाण्याचा एक थेंब चोचीच्या कडेला लावला. आधी लावू नये. गार पडलेल्या पिल्लाला गिळता येत नाही, पाणी श्वासनळीत जातं. दुपारी ते आईखाली सोडलं, तिनं काही न म्हणता घेतलं.

तेव्हापासून आमच्याकडे दहिवर उडाल्याशिवाय, म्हणजे नऊ-साडेनऊच्या आधी, पिल्लांची कोंबडी सुटत नाही.

पाण्याचं भांडंही भिजायची जागा आहे. उथळ थाळी घ्यावी आणि तिच्यात गोटे मांडावेत, म्हणजे पिल्लांना चोच बुडवता येते, अंग बुडवता येत नाही. सकाळचं पाणी कोमट असावं. खाली भाताचं तूस किंवा कोरडा भुसा दोन-तीन इंच हवा, ओला झाला की तेवढा भाग त्याच दिवशी उचलावा. ओल्या भुश्शात रक्ती हगवणही वाढते, आणि थंडीनं दमलेलं पिल्लू तिला लगेच बळी पडतं.

वारं अडवताना लोक दुसऱ्या टोकाला जातात. खुराडं चारी बाजूंनी प्लॅस्टिकच्या कागदानं आवळून बांधतात. सकाळी कागदाला आतून पाण्याचे थेंब लटकलेले असतात, श्वासाची आणि विष्ठेची वाफ बाहेर जायला वाट नसते, आणि पिल्लं पुन्हा ओलीच होतात. शिवाय विष्ठेतला अमोनिया वायू कोंडतो, डोळ्यांतून पाणी, नाकातून शेंबूड. वारा येणाऱ्या बाजूला गोणपाट जमिनीपासून कोंबडीच्या उंचीपर्यंत बांधावं आणि छपराखाली वीतभर फट मोकळी सोडावी. बरोबर झालं का बघायचं तर सकाळी खुराड्याशी गुडघे टेकून, पिल्लाच्या उंचीवर नाक नेऊन वास घ्या. डोळे चुरचुरले तर फट वाढवा. उभं राहून वास कळत नाही, अमोनिया तयार होतो तो खाली भुश्शातच.

आणि घमेल्यातले निखारे बंद खोलीत कधीही ठेवू नका, हे मी हात जोडून सांगते. आमच्या घरी सासूबाईंच्या वेळी एका कडाक्याच्या रात्री कोंबडी, पिल्लं, शेजारी विस्तवाचं घमेलं आणि कुड्याचं दार घट्ट लावलेलं, असं झालं होतं. सकाळी कोंबडी पंख पसरून बसलेलीच होती आणि तिच्याखाली सगळी पिल्लं. एकही जिवंत नव्हतं. जळकं काही नाही, कुठे जखम नाही. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, धूर दिसत नसला तरी तो असतो, आणि बंद जागेत माणसालाही सोडत नाही. सासूबाईंना ते कारण शेवटपर्यंत कळलं नव्हतं. दृष्ट लागली असंच त्या म्हणत राहिल्या.

खाण्याचं फार अवघड नाही. पहिले पंधरा-वीस दिवस तांदळाची कणी, भरडलेली बाजरी आणि जमेल तेवढं चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य. आईलाही तेच चालतं. अंड्यावरच्या कोंबडीचं कॅल्शियम जास्त असलेलं खाद्य मात्र पिल्लांपुढे ठेवू नये. वाळवी मिळाली तर उत्तमच. फुटक्या मडक्यात ओलं शेण आणि गोणपाटाचे तुकडे भरून वारुळापाशी संध्याकाळी पालथं घाला, सकाळी वाळवी भरलेली असते. आईनं तीन आठवडे जेमतेम खाल्लेलं असतं, तिचं छातीचं हाड हाताला लागतं. संध्याकाळी तिला मूठभर बाजरी जास्त द्या, रात्रभर ऊब द्यायची ती त्यावरच. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लासोटा नावाची लस, डोळ्यात एकेक थेंब. कुपीत डोस पुष्कळ असतात आणि कालवल्यावर ती फार वेळ टिकत नाही, त्यामुळे चार घरांनी मिळून बर्फात आणावी आणि एकाच सकाळी सगळ्यांच्या पिल्लांना घालून मोकळं व्हावं.

कोंबडीवर सोपवायचं म्हटलं तरी काही वेळा हात घालावाच लागतो. पहिलटकर तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, कधी कधी हलणाऱ्या पिल्लाला घाबरून टोचते. तसं दिसलं तर रात्रभर पिल्लं वेगळी, उबेत ठेवून दुसऱ्या रात्री अंधारात परत खाली सरकवून बघावं, पुष्कळदा जमतं. दुसऱ्या कोंबडीची पोरकी पिल्लंही अशीच, रात्री, पहिल्या दोन दिवसांतच द्यावीत. नंतर तीही आईला ओळखतात, आईही त्यांना ओळखते, आणि परकं पिल्लू मार खातं. अवकाळी पाऊस आणि थंडी एकत्र आली, तर त्या दिवशी कोंबडीला पिल्लांसकट आतच डालग्याखाली कोंडावं, कितीही कलकलाट केला तरी. आणि पहिले तीन-चार आठवडे तिला दांडीवर झोपू देऊ नये. ती चढली तर पिल्लं खाली उघडी पडतात. संध्याकाळी दांडी काढून ठेवली की काम भागतं.

पाच-सहा आठवड्यांनी तिचा तुरा पुन्हा लाल होतो. पिल्लं जवळ आली की हलकेच टोचते, एखाद्या दुपारी अंड्याच्या टोपल्यात जाऊन बसते. दांडी परत लावली, की पहिल्या रात्री ती वर चढते आणि पिल्लं खाली कालवा करतात. मग एकेक उडी मारत वर जातात आणि दोन्ही बाजूंनी तिच्या पंखाखाली डोकं तरी खुपसतात, अंग बाहेरच राहतं. दोन-तीन मात्र चढू शकत नाहीत. त्यांच्यासाठी दांडीखाली वाळकं गवत जाड पसरून ठेवावं. ती तिथे एकमेकांना चिकटून झोपतात, आणि आता अंगावर पिसं असल्यानं तेवढं त्यांना पुरतं.